कुळागर साफ करण्याआधी: फुलपाखरांसाठी जागा कशी राखावी

सहा वर्षांपूर्वी मी नर्सरीतून साडेतीन हजारांची फुलझाडं आणली आणि त्याच आठवड्यात गवत कापायचं मशीन भाड्याने आणून कुळागराचा, म्हणजे घरामागच्या पोफळी-माडाच्या बागेचा, बांध चकाचक करून घेतला. फुलं फुलली. फुलपाखरं आली, मध प्यायली आणि गेली. पुढच्या वर्षी कमी आली, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी कमी. मी ‘रान’ म्हणून बांधावरून जे कापून टाकलं होतं त्यात रुई होती, तायकिळा (टाकळा) होता, सापसंदाची वेल होती. म्हणजे मी खाणावळ उघडली आणि बाळंतिणीची खोली पाडली.

आमचं घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्याच्या वेशीला लागून. घरामागे पोफळी, माड, मिरवेली, वर काजूचा डोंगर. अशी जागा ज्यांच्याकडे आहे, किंवा ज्यांनी नुकतीच घेतली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनाही चौथी पायरी कामाची आहे.

गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. त्यातलं सुमारे ७५५ चौरस किलोमीटर अभयारण्यं आणि मोलेचं राष्ट्रीय उद्यान यांत आहे. म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी, खोतिगाव ही सगळी घाटाच्या कुशीत एकापाठोपाठ एक. बोंडला त्यांच्यापुढे अगदीच छोटं, ८ चौरस किलोमीटर. गोव्यात फुलपाखरांच्या अडीचशेच्या आसपास जातींची नोंद आहे, आणि या घाटपट्ट्याशिवाय ती यादी एवढी लांब झालीच नसती. पण फुलपाखरू एका जागी पिढ्यान् पिढ्या टिकतंच असं नाही. एखाद्या वर्षी वणवा येतो, एखाद्या वर्षी ओढा लवकर आटतो, आणि त्या तुकड्यातली एक जात संपते. पुन्हा ती येते शेजारच्या तुकड्यातून. मधल्या वाटेत नुसता अकेशिया, काँक्रीट आणि भादरलेले बांध असतील तर येणार कुठून? अभयारण्य सरकारने राखायचं, मधली वाट आपण.

१. पहिलं वर्ष फक्त बघा

हे कोणाला पटत नाही, मलाही पटलं नव्हतं. पण आपल्या जागेत आधीच काय आहे हे कळल्याशिवाय काही लावू नका, काही तोडू नका.

एक ठरावीक वाट आखा. आमची विहिरीपासून पाटाच्या कडेने काजूपर्यंत जाते, जेमतेम तीनशे पावलं. आठवड्यातून एकदा, उन्हाच्या दिवशी, सकाळी साडेनऊ ते बाराच्या दरम्यान एकाच चालीने चालायचं. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि समोर पाच मीटर एवढ्यातच दिसलेली फुलपाखरं मोजायची. मागे गेलेलं पुन्हा मोजायचं नाही, वाट सोडून पाठलाग करायचा नाही. याला पोलार्ड वॉक म्हणतात आणि जगभर असंच मोजतात. नाव ओळखता आलं नाही तर ‘मोठं काळं, शेपटी नाही’ एवढं लिहा. चार महिन्यांत नावं आपोआप जमतात.

पावसाळ्यात खंड पडतो, पडू दे. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा काळ मात्र चुकवू नका. पाऊस उघडलेला असतो, पालवी कोवळी असते आणि ओढ्याच्या कडेला झुंबड उडालेली असते.

२. सामान आणि कागद

सामान फारसं लागत नाही. वही, पेन्सिल (पेनची शाई पावसात वाहते), फोन आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. जमलं तर जवळून फोकस होणारी दुर्बीण. जाळी घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दात पकडणंही येतं, आणि कोणती जात कोणत्या अनुसूचीत आहे हे फुलपाखराच्या पंखावर लिहिलेलं नसतं.

कागद कशासाठी लागतात त्यावर अवलंबून:

- अभयारण्यात नुसतं फिरायला: ओळखपत्र, फाटकावरची पावती, कॅमेऱ्याचं वेगळं शुल्क.
- अभयारण्यात नियमित मोजणी किंवा अभ्यास करायला: मुख्य वन्यजीव रक्षकांच्या नावे अर्ज. कुठे, कधी, कोण, काय करणार आणि काहीही पकडणार नाही हे स्पष्ट लिहा. सप्टेंबरमध्ये मोजायचं असेल तर अर्ज मे महिन्यात द्या.
- स्वतःच्या जागेतलं झाड तोडायचं असेल तर: १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वनखात्याची परवानगी. त्यासाठी जमिनीचा एक-चौदाचा उतारा आणि सर्व्हे प्लॅन.
- जागा कोमुनिदादची, म्हणजे गावाच्या सामाईक मालकीची, असेल किंवा उताऱ्यावर दहा नावं असतील तर: लावण्याआधी संमती लेखी घ्या. तोंडी ‘हो’ चतुर्थीपर्यंत टिकतं, वाटणीपर्यंत नाही.

३. अभयारण्यात शिकायला जा, आणायला नाही

आपल्या जागेत काय असायला हवं हे जवळच्या जंगलात जाऊन कळतं. तांबडी सुर्लाच्या देवळाजवळचा ओढा ही माझ्या मते गोव्यातली सर्वांत चांगली शाळा. देवळाकडे पाठ करून ओल्या वाळूकडे बघत अर्धा तास बसा. ब्लूबॉटल आणि ‘जे’ नावाची फुलपाखरं, पिवळी, पांढरी, पंचवीस-तीस एका ठिकाणी सोंड खुपसून बसलेली असतात. बहुतेक नर. ओल्या मातीतले क्षार, मुख्यतः सोडियम, ती शोषून घेतात आणि मिलनाच्या वेळी मादीला देतात. याला चिखलपान म्हणतात. नेत्रावळीत सावरी धबधब्याची वाटही छान, पण शनिवार-रविवार टाळा.

दाट सावलीत कधी पांढरा कागदाचा कपटा तरंगत खाली येतोय असं वाटलं तर थांबा. तो मलबार ट्री निम्फ असू शकतो, फक्त पश्चिम घाटात मिळणारा. त्याला झाडांचा सलग माथा लागतो. आपल्या कुळागरात तो क्वचितच येईल आणि त्याच्यासाठी आपण फार काही करू शकत नाही, जंगल सलग ठेवण्याची मागणी करण्यापलीकडे. मोलेतून जाणाऱ्या दुपदरी रेल्वेमार्गाची वन्यजीव मंजुरी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवली, ती अशाच मागण्या कागदोपत्री नीट मांडल्या गेल्या म्हणून.

इथे एक सापळा. अभयारण्यातून रोप, बी, कोष, वाळकं पान, काहीही उचलायचं नाही. ‘एकच वेल तर नेतोय’ म्हणणारे मी फाटकावर पाहिलेत, त्यांची फजितीही पाहिली. बोंडल्याला जायचं तर गुरुवार सोडून जा. त्या दिवशी बंद असतं हे मला पाऊण तास गाडी चालवल्यावर कळलं.

४. फुलांआधी पानं

हीच खरी पायरी, म्हणून इथे जरा रेंगाळते.

पूर्ण वाढलेलं फुलपाखरू बऱ्याच फुलांवर भागवतं. त्याची अळी तसं करत नाही. बहुतेक जातींच्या अळ्या ठरावीक एक-दोन कुळांतल्या झाडांचीच पानं खातात, आणि मादी त्याच झाडावर अंडी घालते. झाड नाही तर अंडं नाही.

मजा अशी की यातली बरीच झाडं आपल्याकडे आधीच असतात. आपण त्यांना फुलपाखरांची झाडं म्हणून ओळखत नाही एवढंच.

तिरफळ घ्या. बांगड्याच्या हुमणात जाणारं हे काटेरी झाड मलबार बँडेड पीकॉकच्या अळीचं अन्न आहे. काळ्या पंखांवर निळा-हिरवा पट्टा असलेलं हे फुलपाखरूही पश्चिम घाटाबाहेर मिळत नाही. आमच्याकडचं तिरफळ नारळ पाडणाऱ्या पाडेल्याला काटे लागतात म्हणून तोडायचं ठरलं होतं. सासूबाई म्हणाल्या, ‘मग बाजारातून विकत आण.’ बाजारभावाच्या धाकाने झाड वाचलं. दोन वर्षांनी त्याच्यावर हिरवीगार अळी सापडली. बोट जवळ नेलं तर डोक्यामागून शिंगासारखा अवयव बाहेर काढून उग्र वास सोडला.

आता आधी झाड, मग त्यावर वाढणारी फुलपाखरं. कढीपत्ता आणि लिंबू: कॉमन मॉरमॉन, लाइम, ब्लू मॉरमॉन. शेवटचं म्हणजे शेजारच्या महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, नीलवंत. लहानपणी या अळ्या हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, म्हणून पान पुसायच्या आधी नीट बघा.

सापसंद, म्हणजे ईश्वरी: सदर्न बर्डविंग, कॉमन रोझ, क्रिमझन रोझ. बर्डविंग भारतातल्या सर्वांत मोठ्या फुलपाखरांपैकी एक, उडताना चिमणीएवढं वाटतं. या वेलीतलं विष अळी अंगात साठवते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. वेल औषधी म्हणून कोणी काढा करायला मागितली तर देऊ नका. त्यातल्या विषाने माणसाचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. आणि नर्सरीत याच कुळातली शोभेची, मोठ्या बदकासारख्या फुलांची वेल मिळते ती आणू नका. ती दक्षिण अमेरिकेतली. ऑस्ट्रेलियात अशाच वेलीवर तिथल्या बर्डविंग माद्या फसून अंडी घालतात आणि अळ्या पान खाऊन मरतात.

बहावा आणि तायकिळा: एमिग्रंट आणि छोटी पिवळी ग्रास यलो. श्रावणात भाजीला कोवळा तायकिळा खुडा, उरलेला उपटू नका.

रुई: प्लेन टायगर. हरणदोडी: ब्लू टायगर. आसुपालव, सोनचाफा: टेल्ड जे. दालचिनी: ब्लूबॉटल आणि कॉमन माइम. कृष्णकमळाच्या वेली: टॉनी कोस्टर. माड आणि पोफळ: पामफ्लाय. फ्लॅटवाल्यांनी कुंडीत कढीपत्ता, लिंबू आणि रुई लावली तरी चालेल, तिसऱ्या मजल्यापर्यंत मी अंडी पाहिली आहेत.

बांडगुळाचा वाद घरोघरी होतो. कॉमन जेझबेलची अळी बांडगुळावरच वाढते, पण बांडगूळ आंब्याचा जीव खातं हेही खरं. आम्ही तोडगा असा काढला: कलमी आंब्यावरचं काढायचं, रानातल्या झाडांवरचं ठेवायचं.

आणि काजू. काजूच्या आणि आंब्याच्या पानावर कॉमन बॅरनची अळी असते. हिरवी, दोन्ही बाजूंना पिसांसारखे फाटे, पाठीवर मधोमध फिकट रेघ. ती पानाच्या मधल्या शिरेवर अशी लांब होऊन पडते की तिची रेघ आणि पानाची शीर एक होते. मला शेजारच्या मुलाने दाखवली तेव्हा मी बोट ठेवून विचारलं, कुठे? बोट तिच्यावरच होतं.

रोपं कुठून आणायची: शेजाऱ्यांच्या बांधावरून, बियांपासून, छाटणीपासून. नर्सरीतून आणलंच तर महिना-दीड महिना बाजूला ठेवा. मी आणलेल्या लिंबाच्या रोपावर आठवड्यात अंडी आली आणि अळ्या तिसऱ्या दिवशी काळ्या पडल्या. रोपाला मुळातून शोषलं जाणारं कीटकनाशक दिलेलं असावं. रोपाचं पान चकचकीत आणि एकही भोक नसलेलं असेल तर मी आता संशयानेच बघते.

फुलांसाठी वेगळा खर्च नको. पिटकोळी, कृष्णकिरीट, जास्वंद, बांधावरची ओसाडी पुरते.

५. साफसफाईचं वेळापत्रक बदला

गोव्यात फुलपाखरांचं सर्वांत जास्त नुकसान विकासाने होतं की कोयत्याने, याचा निकाल मी देणार नाही. पण कोयता आपल्या हातात आहे.

काजूचा हंगाम सुरू होण्याआधी जानेवारी-फेब्रुवारीत डोंगर साफ करतात. खाली पडलेली बी दिसायला हवी, साप दिसायला हवा, हे बरोबरच आहे. पण आपण झाडाखालचं साफ करता करता पूर्ण डोंगर भादरतो, पालापाचोळा एकत्र करतो आणि पेटवतो. त्या पाल्यात आणि काडीकचऱ्यावर कोष असतात, पुढच्या पिढीचे. आग हाताबाहेर गेली की काय होतं ते मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या डोंगरांवर सगळ्या गोव्याने पाहिलं. आमच्या अंगणात आठवडाभर राख पडत होती.

आम्ही आता असं करतो:

- काजूच्या झाडाचा विस्तार जेवढा, तेवढंच खाली साफ. दोन झाडांमधलं रान गुडघ्याएवढं ठेवायचं.
- बांध आळीपाळीने. या वर्षी डावा, पुढच्या वर्षी उजवा. एकाच वर्षी दोन्ही कधीच नाही.
- पाला पेटवायचा नाही. पोफळीच्या मुळाशी घालायचा किंवा कोपऱ्यात ढीग करून कुजू द्यायचा. वणव्याची भीती असेल तर वेशीवर आठ-दहा फुटांचा पट्टा मोकळा ठेवायचा.
- मशीनऐवजी कोयता. मशीन निवडत नाही. माणसाला ‘ही वेल सोड’ सांगता येतं. आम्ही ठेवायच्या झाडांना लाल चिंधी बांधतो.

मजुरी वाढेल अशी भीती होती. उलट निम्मंच साफ करायचं असल्याने दोन दिवस वाचले.

रानमोडी आणि घाणेरीचं काय, हे सगळे विचारतात. दोन्ही परदेशी, दोन्ही खालचं मूळ रान दाबून टाकतात, आणि दोन्हींच्या फुलांवर फुलपाखरं तुटून पडतात. म्हणून काहीजण म्हणतात ठेवा. मी म्हणते काढा, पण हळूहळू. पावसात जमीन मऊ असताना मुळासकट उपटा, दरवर्षी एक तुकडा, आणि मोकळ्या जागी लगेच स्थानिक झाड लावा. नाहीतर पुढच्या पावसात पुन्हा तीच.

काजूचा एक फायदा सांगायचा राहिला. बोंडू मळून झाल्यावर कोळंबीबाहेर, म्हणजे बोंडू मळायच्या जागेबाहेर, जो चोथा टाकतात त्यावर दुपारी बॅरन आणि नवाब बसतात. फुलांकडे ढुंकून न बघणारी ही मंडळी आंबलेल्या रसावर मात्र इतकी तल्लीन होतात की फोन वीतभर अंतरावर नेला तरी उडत नाहीत. चोथ्याची थोडी रास सावलीत राहू द्या.

६. पाटाची कड

ओढ्याच्या किंवा पाटाच्या कडेला चटईएवढी ओली वाळू असू द्या. तिथे साबणाने कपडे नकोत, गाडी धुणं नको. एवढंच.

७. फवारणी

काजूवर टी मॉस्किटो आला की पालवी आणि मोहोर सुकतो, पीक जातं. फवारूच नका असं मी सांगणार नाही, माझंही घर त्यावर चालतं. पण किडा दिसल्याशिवाय, कॅलेंडर बघून फवारू नका. विभागीय कृषी कार्यालयात डहाळी घेऊन जा, दाखवा, मग ठरवा. वारा असताना नको, ओढ्याच्या दहा मीटरच्या आत नको, आणि कढीपत्ता-लिंबाकडे नळी वळवायची नाही.

८. गावाच्या वहीत नोंद करा

तुमच्या वहीतली यादी तुमच्याकडेच राहिली तर तिचा उपयोग मर्यादित. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. गोव्यात १९१ पंचायती आहेत. तुमच्या पंचायतीत जाऊन ती वही दाखवा म्हणा. नियम माहीत नसलेला कारकून ‘अशी वही नाही’ म्हणेल. मला तीनदा सांगितलं गेलं. चौथ्यांदा मी लेखी अर्ज दिला आणि आवक क्रमांकाचा शिक्का मागितला, वही कपाटात निघाली.

नोंद देताना तारीख, सर्व्हे नंबर किंवा जागेचं गावातलं नाव, जातीचं नाव, कोणत्या झाडावर आणि फोटो एवढं द्या. फोटो आय-नॅचरलिस्ट किंवा बटरफ्लाइज ऑफ इंडियावरही टाका, जाणकार नावं दुरुस्त करून देतात. सप्टेंबरात देशभर बिग बटरफ्लाय मंथ असतो, गावातल्या शाळेला सोबत घ्यायला तो महिना बरा.

गावात देवाची राय (देवराई) असेल तर तिची वेगळी नोंद करा. रूढीने राखलेल्या अशा जागांत जे झाड टिकलं आहे ते बाहेर कधीच संपलेलं असतं. नानोड्याच्या बांबर वाड्यावरची निरंकाराची राय आणि तिथली रानजायफळांची दलदल बघून या. डिचोली तालुक्यात सुर्ला गावच्या पुर्वतळी रायीला तर याच कायद्याखाली जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला आहे. तुमच्या रायीत सुशोभीकरणाच्या नावाखाली पेव्हर घालायचा ठराव येऊ घातला असेल, तर ग्रामसभेत ही नोंद हातात असलेली बरी.

आणि ग्रामसभेत बोलताना जपून. सत्तरीत ‘संरक्षण’ शब्द उच्चारला की लोकांना आधी आपली जमीन आठवते, आणि त्यांची भीती खोटी नाही. अभयारण्य जाहीर होऊन दोन दशकं उलटली तरी हक्कांचे दावे रखडलेली घरं इथे आहेत. म्हणून पहिल्याच वाक्यात सांगा की नोंदवहीने एक-चौदावरचं नाव बदलत नाही, काजू गोळा करण्यावर बंदी येत नाही. मी पहिल्या वेळी फुलपाखरांचे सुंदर फोटो दाखवत बसले. मागून एक आजोबा म्हणाले, ‘बाये, पिसोळीं बरीं आसात, पूण आमचो दोंगर खंय वता तें सांग.’ (बाई, फुलपाखरं छान आहेत, पण आमचा डोंगर कुठे जातो ते सांग.) दुसऱ्या वेळी मी आधी डोंगराचं सांगितलं. मग त्यांनीच उठून त्यांच्या भाटातली (बागेतली) सापसंद कुठे आहे ते दाखवलं, आणि या वर्षी त्यांच्या बांधावरही लाल चिंध्या आहेत.